सेट्रिझिन की फेक्सो? एका शिंकणाऱ्या इंदूरकराचं मत

फाल्गुन लागला की आमच्याकडे गव्हाची कापणी, त्याची धूळ बसते न बसते तोच होळीचा गुलाल, नाकाला सुट्टीच नाही. मग दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अ‍ॅलर्जीच्या शिंकांवर सेट्रिझिन घेऊ का फेक्सोफेनाडिन, म्हणजे फेक्सो? मी दोन्ही एकेक सीझन घेऊन पाहिल्यात. डॉक्टर नाहीये, तेवढं धरून वाचा.

एक गंमत आधी. या दोन्ही गोळ्या म्हणजे लिव्हरनं निवडून-चिरून ठेवलेली भाजी. हायड्रॉक्झिझिन नावाचं जुनं औषध पोटात गेलं की लिव्हर त्याचं सेट्रिझिन करतं, आणि टर्फेनाडिन या अ‍ॅलर्जीच्याच जुन्या औषधाचं फेक्सोफेनाडिन. टर्फेनाडिनसोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की लिव्हरचं हे काम अडायचं, मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे, म्हणून १९९८ च्या सुरुवातीला अमेरिकेत ते बंदच झालं. आता तयार मालच गोळीत भरलाय म्हटल्यावर लिव्हरला फारसं काम उरत नाही. फरक आहे तो बाहेर पडायच्या वाटेत: सेट्रिझिन साधारण ७० टक्के लघवीतून जातं, फेक्सो ८० टक्के शौचातून आणि लघवीतून फक्त ११ च्या आसपास. रक्तातलं निम्मं उतरायला सेट्रिझिनला ८ तास लागतात, फेक्सोला १४. म्हणून कोणी म्हणेल किडनीचा त्रास असलेल्याला फेक्सो बिनधास्त, तर तसं नाही हां, डोस दोन्हींचा कमी करावा लागतो, तिथे डॉक्टरांनाच विचारा.

झोपेच्या बाबतीत फेक्सो सरळ जिंकते, ती मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. सेट्रिझिनच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी पोह्याच्या प्लेटसमोर डुलक्या काढत होतो आणि दोन दिवस स्कूटर बायकोनं चालवली, ते खोटं कशाला बोलू.

तरी फेक्सो सोडली. कारण सांगतो. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे आमच्या इंदूरची रंगांची मिरवणूक, बघायला निघालो, निघताना गोळी घेतली आणि वर ग्लासभर संत्र्याचा रस, म्हटलं तेवढंच व्हिटॅमिन सी. गेर संपेपर्यंत मी रंग कमी आणि रुमाल जास्त पाहिला. आठ-दहा दिवस हेच, कधी चालायची कधी नाही, मी कंपनीला शिव्या घालत होतो. शेवटी मेव्हणा, त्याचं मेडिकल आहे, म्हणाला, "भाऊजी, रसासोबत घेता? मग नालीतच टाका की!" आतड्याच्या भिंतीत फेक्सोला रक्तात ओढून नेणारी काही प्रथिनं असतात, संत्र्या-सफरचंदाचा रस नेमकी तीच अडवतो, मग गोळी आली तशी खालून निघून जाते. आणि हे एवढ्यावर थांबत नाही, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड घेतलं तरी तिचं शोषण कमी होतं, दोन तासांचं अंतर ठेवा म्हणे. आता मला सांगा, सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कचोरी खाऊन आलेला माणूस अँटासिड न घेता झोपेल का, आणि घेतलंच तर घड्याळ लावून बसेल का? गोळीपेक्षा वेळापत्रकच मोठं झालं होतं.

सेट्रिझिनचं असं काही नखरं नाही. रसासोबत घ्या, जेवून घ्या, तासाभरात काम सुरू. स्वस्त पण आहे, ते वेगळं. झोपेवर माझ्यापुरता उपाय म्हणजे रात्री नऊला घेणं, सकाळपर्यंत बरीचशी उतरते, निदान मला तरी आता गाडी चालवताना जड वाटत नाही. तुमची नाइट ड्युटी असेल, किंवा पहाटेच गाडी काढायची असेल, तर फेक्सोच बरी, पण साध्या पाण्यासोबत.

माझी सेट्रिझिनची पट्टी सध्या घड्याळाखालच्या फळीवर आहे. फेक्सोच्या उरलेल्या चार गोळ्या मेव्हण्याला परत देऊ केल्या, त्यानं घेतल्या नाहीत.