आईची स्मरणिका आणि नौपाड्यातला छापखाना

आईच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी आम्ही भावंडांनी तिची स्मरणिका छापून घेतली. हे काम ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या लहान छापखान्याकडे दिले होते. घरगुती पुस्तकासाठी छापखाना शोधताना आम्हाला बरीच वणवण करावी लागली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. छापखान्याचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि माणसे भली आहेत.

काम डेमी आकाराचे (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ३०० प्रतींचे होते. आतला कागद ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड आणि मुखपृष्ठ ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डावर. मूळ अंदाज ८० पानांचा होता. पण आईच्या वर्गात अक्षरओळख झालेल्या बायकांना पुस्तक कोणाच्या मदतीविना वाचता यावे म्हणून आम्ही १२ ऐवजी १४ पॉइंटचे अक्षर मागितले आणि पाने ११२ झाली. वाढलेल्या पानांचे पैसे त्यांनी घेतले, मांडणी पुन्हा करण्याचे घेतले नाहीत. प्रतीमागे १३५ रुपये पडले, जे आम्ही विचारलेल्या चार ठिकाणांपैकी ना सर्वांत कमी होते ना सर्वांत जास्त.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि घराबाहेर सगळे तिला बाईच म्हणत. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत ठिकठिकाणी प्रौढांचे वर्ग निघाले, तेव्हा तिने लोकमान्यनगरातल्या एका चाळीच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग घेतला. शेजारची वागळे इस्टेट ही राज्य औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या लहान कारखान्यांत पाकिटे भरणाऱ्या, सुटे भाग जुळवणाऱ्या बायका पाळी संपवून, घरी चूल पेटवायच्या आधीचा तास चोरून या वर्गाला येत. मिशनचा भर १५ ते ३५ या वयोगटावर होता. आईकडे साठीच्या आजीही बसत, आणि त्यांची नावे ती वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळी लिहीत असे, म्हणजे वर कळवायचे आकडेही बरोबर राहत आणि आजींची हजेरीही चुकत नसे.

ही हजेरीवही स्मरणिकेचा गाभा आहे. सुरुवातीच्या पानांवर नावापुढे निळ्या शाईचे अंगठे आहेत आणि पुढे पुढे त्याच नावांसमोर, रेघ सोडून वर चढणाऱ्या सह्या. पहिल्या करड्या छपाईत अंगठ्यांच्या रेषा भरून जाऊन नुसते काळे ठिपके उमटले. आम्ही काही म्हणण्याआधीच छापखान्याने ती आठ पाने पुन्हा स्कॅन केली आणि तेवढी रंगीत छापण्याचे सुचवले. अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी त्याच वेळी विचारले, ‘‘या बायकांना आपला अंगठा पुस्तकात छापलेला चालेल का?’’ वर्षभर त्या वहीशी खेळत असूनही आम्हा तिघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता, याची लाज वाटली. ज्यांचा पत्ता लागला त्यांना आम्ही जाऊन विचारले. उरलेल्यांची नावे झाकली.

या ताई मजकूर नुसता जुळवत नाहीत, वाचतात, आणि मला या छापखान्याची शिफारस करावीशी वाटते ती मुख्यतः यासाठी. आमच्या मावसभावाने आपला लेख जुन्या श्रीलिपी टंकात पाठवला होता. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या संगणकीय अक्षरपद्धतीत, आणताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, आणि ‘बाई शिबिरातल्या आचाऱ्यांना आधी जेवायला बसवत’ या वाक्यातले स्वयंपाकी थेट ‘आचार्य’ होऊन बसले. ताईंनी ते पकडले. आम्ही निवडलेल्या टंकात ल आणि श हिंदी वळणाचे होते. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, असे सांगून त्यांनी टंकही बदलला. आई मुलांच्या वह्यांत याच दोन अक्षरांभोवती लाल पेन्सिलीने गोल करत असे, आणि निमंत्रणपत्रिकाही तिच्या तावडीतून सुटत नसत.

आता तक्रारी. स्मृतिदिनाच्या आठ दिवस आधी सर्व प्रती देण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात स्मृतिदिनाच्याच सकाळी ६० प्रती आल्या आणि बाकीच्या चार दिवसांनी. मुखपृष्ठाचे लॅमिनेशन बाहेरून करून घ्यावे लागते आणि तिथे काम अडकले, असे कारण मिळाले. कारण खरे असेल, पण ते आम्हाला आदल्या रात्री कळले. तुम्ही तिथे काम देणार असाल तर कार्यक्रमाची तारीख दहा दिवस अलीकडची सांगा; हा खोटेपणा आईला चालला नसता, पण मला दुसरा उपाय दिसत नाही.

दुसरी तक्रार बांधणीची. शिलाईची बांधणी ते ५०० प्रतींखाली करत नाहीत, त्यामुळे आमचे पुस्तक गोंदाने चिकटवलेले आहे आणि ते सपाट उघडत नाही. एकदा वाचून कपाटात ठेवायच्या पुस्तकाला एवढे पुरते. पण ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची आई जुनी सभासद होती. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला दोन प्रती द्यायच्या आहेत, आणि ग्रंथालयातले पुस्तक किती हातांतून जाते हे तिनेच आम्हाला फाटकी पुस्तके डकवायला बसवून शिकवले होते. त्या दोन प्रती वेगळ्या पुठ्ठाबांधणीला दिल्या आहेत.

वाटलेल्या प्रतींपैकी आजवर पाच उकलल्याचे कळले आहे, आणि पाचही हजेरीवहीच्या रंगीत पानांशीच, कारण जो तो पुस्तक तिथेच उघडून दाबून धरतो. छापखान्याने त्या विनामूल्य बदलून देण्याचे मान्य केले असून दोन बदलून आल्या आहेत. उरलेल्या तिघींपैकी एका मावशींनी मात्र आपली प्रत परत द्यायला नकार दिला. सुटे झालेले ते पान त्यांनी काढून घरात लावले आहे.