जुने गोवे की दिवाडी? कपेलांच्या वाटेने पायी जायचं तर

गोव्यात एकच सकाळ मोकळी आहे, किनारा नको, जुनी कपेलं, म्हणजे छोटी ख्रिस्ती प्रार्थनाघरं, पायी हिंडून बघायची आहेत, असं कुणी म्हटलं की माझ्यासमोर दोनच वाटा येतात. एक जुन्या गोव्यातली, दुसरी समोरच्या दिवाडी बेटावरची. मध्ये मांडवी, फेरीबोटीने काही मिनिटांची. म्हणूनच लोक दोन्ही एकाच सकाळी उरकतात आणि धड काहीच बघत नाहीत. एक निवडा.

जुन्या गोव्यात चाल कमी आणि बघायला भरपूर. मोठ्या चर्चांच्या गर्दीतून बाजूला झालं की सांता कातारीनाचं छोटं, जांभ्या दगडाचं कपेल लागतं. २५ नोव्हेंबर १५१० ला, संत कातारीनाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून शहर घेतलं आणि त्याची आठवण म्हणून हे उभं राहिलं. तो ज्या वेशीतून आत शिरला ती इथे होती, आणि १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ही वास्तू पुन्हा बांधवली, असं भिंतीतला कोरीव दगडच सांगतो. तिथून पश्चिमेची टेकडी चढा. संत ऑगस्टीनच्या मठाचा ४६ मीटर उंचीचा पडका मनोरा, त्याच्यासमोर संत अंतोनीचं कपेल, पुढे रोझरीचं चर्च. पूर्वेच्या टेकडीवरचं मोंतचं कपेल मात्र सकाळी नको, जमलं तर संध्याकाळी गाठा. दार बंद असलं तरी हिरमुसू नका. अंगणातून मांडवी आणि पलीकडची दिवाडी दिसते, ती उन्हं उतरताना बघायची.

दिवाडीची गोष्टच निराळी. धक्क्यावरून निघालं की दोन्ही बाजूंना खाजनशेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, डोक्यावर सावली नाही. पियेदादची टेकडी गाठायला रमतगमत पाऊण तास धरा. वाटेत खुरीस, म्हणजे क्रूस, दिसतात, कुणीतरी ताजी फुलं वाहिलेली असतात. टेकडीवरचं चर्च आंतोनियो जुआंव द फ्रियस या गोव्याच्याच पाद्रींनी आखलेलं. पण मी लोकांना पाठवतो ते शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या कपेलासाठी. ते गोव्याच्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा उरलेला भाग आहे. आत जाऊन आधी वर बघा: छतावरचं कोरीवकाम चुना आणि रंगांच्या थराखालूनही ओळखू येतं. मग दगडी जाळीची खिडकी बघा. जाळी देवळाची, क्रूस कपेलाचा, आणि दोन्ही एकाच उजेडात. इथल्या गणपतीला भक्तांनी नदीपार नेलं, तो आज खांडोळ्याला आहे. एवढ्याशा खोलीत मी दर वेळी अर्धा तास तरी थांबतो. दफनभूमी आहे, माणसं आपल्या माणसांना भेटायला येतात. आवाज खाली ठेवा आणि फोटो काढण्याआधी आजूबाजूला बघा.

सोबत वयस्कर मंडळी असतील, गुडघे दुखत असतील किंवा वेळ दोन तासांचाच असेल, तर जुने गोवे घ्या. मोंतच्या माथ्यापर्यंत गाडीही जाते. रविवारी सकाळी चर्चांत मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, तेव्हा आत फिरू नका. बाकी सगळ्यांना माझं उत्तर दिवाडी. निघायचं उजाडताच, पाणी बरोबर घेऊन. पावसाळ्यात शेतं हिरवीगार असतात आणि चालणंही सुखाचं होतं, फक्त ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी शांत कपेल विसरा.

आणि दिवाडी घेतलीत तर आल्या धक्क्यावरून परतू नका. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या नार्वेहून फेरीने डिचोलीच्या बाजूला उतरा. कदंबांचा देव सप्तकोटेश्वर मूळचा बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर तो पलीकडे नेला गेला, आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवलं. तिथेही नार्वेच म्हणतात. गाव सुटलं, पण देवाबरोबर नाव नदीपार गेलं. सकाळी कपेलात ती जाळी बघितली असेल तर या देवळाच्या पायरीवर बसून घटकाभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.