फेमस फाइव्ह: १९७८ ची की १९९५ ची?

मे महिन्याची सुट्टी, बाहेर अंगाची काहिली आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून आणलेले 'फेमस फाइव्ह'चे, म्हणजे चार मुलं आणि एका कुत्र्याच्या साहसांचे, जुने भाग वाचून संपलेले. मग मुलं विचारतात, टीव्हीवर आहे का? आहे, दोनदा आहे.

१९७८-७९ ची मालिका ब्रिटनच्या सदर्न टेलिव्हिजनची. एनिड ब्लायटनने पुस्तकं १९४२ ते १९६३ दरम्यान लिहिली, पण इथली मुलं सत्तरच्या दशकातले कपडे घालून फिरतात. पुस्तक डोक्यात ठेवून बसलात तर पहिल्यांदा खटकतं. पण मिशेल गॅलघरची जॉर्ज, म्हणजे मुलग्यासारखी राहणारी मुलगी, बघाच. तिला कुणी 'जॉर्जिना' म्हणायची सोय नाही! मोठी उणीव एकच: खजिन्याच्या बेटाची पहिलीच गोष्ट यात नाही, कारण तिचे हक्क दुसऱ्यांकडे होते. म्हणजे चौघांची जॉर्जशी ओळख... चुकलं, तिघांची, चौथी तीच. ती ओळख कशी झाली हे इथे कळतच नाही.

१९९५-९७ ची मालिका गोष्ट पुन्हा पन्नाशीच्या दशकात नेते. सगळी २१ पुस्तकं घेतली आहेत आणि सुरुवातही बेटापासूनच. जेमिमा रूपरची जॉर्ज हट्टी आहे, पण जरा नीटनेटकी. सगळंच जरा इस्त्री केलेलं वाटतं.

पुस्तकं न वाचलेल्या मुलांना नव्वदची लावून द्या, गोष्ट सुरुवातीपासून कळेल. माझं मत मात्र जुनीलाच. त्यातली मुलं आमच्या चाळीतल्या पोरांसारखी खरोखर उनाड वाटतात.