थिसिसला केस स्टडी कुठली घ्यायची: ग्रुएनचं फोर्ट वर्थ की कोरियांचं परळ?

एक अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ शहराचा, दुसरा मुंबईतल्या परळचा; दोन्ही प्लॅन कागदावरच राहिले आणि दोन्हींत चालणाऱ्या माणसाचा विचार आहे, त्यामुळे बाजारपेठेच्या पुनर्विकासावर थिसिस करणारे आर्किटेक्चरचे ज्युनियर हमखास या दोघांत अडकतात. मीपण अडकलो होतो, माझी साइट म्हापशाचं मार्केट.

आधी फोर्ट वर्थ घेतलेला. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएनने १९५६ मध्ये डाउनटाउनमधून गाड्याच बाहेर काढल्या, भोवती रिंग रोड, त्याला लागून ६ गॅरेज, ६० हजार गाड्यांची सोय, माल जमिनीखालच्या बोगद्यांतून. ज्युरीला, म्हणजे थिसिस तपासणाऱ्यांना, एका शीटवर समजतं, हे मान्यच.

पण शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर स्केच करत होतो तिथे गाडं अडलं. बसमधून एक मावशी उतरली, डोक्यावर पाटी, पाटीत तांबडी भाजी आणि वर मयड्याच्या केळ्यांचा घड, आणि ती तशीच आडव्या-तिडव्या लावलेल्या स्कूटरींतून वाट काढत बाजारात शिरली. आता हिला ग्रुएनच्या प्लॅनमध्ये कुठून आणायची? त्याच्याकडे माणूस वरून चालतो, माल खालून जातो, आणि इथे माल नि माणूस एकाच बसमधून उतरतात. आठवडाभर ड्रॉइंग फिरवलं, बोगदा खोडला, परत काढला, मावशी काही बसेना.

परळचं तसं नाही. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या १९९६ च्या सरकारी समितीपुढे गिरणगावातल्या गिरण्यांची जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. पण हे गिरणीगणिक वाटलं तर हाती तुकडेच येणार, म्हणून त्यांनी एनटीसीच्या (सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्या एकत्र धरून विचार केला आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या बाजूला पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी जागा सुचवली. २००१ मध्ये नियमच बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली. त्याच स्टेशनच्या पुलावर २०१७ मध्ये २३ माणसं चेंगराचेंगरीत गेली, ते वाचल्यापासून हा प्लॅन माझ्या डोक्यातून जात नाही.

समजावून सांगायला परळ जड आहे, नियमांचा गुंता सोडवताना वेळ जातो. तुमच्या साइटवर बहुतेक लोक स्वतःच्या गाडीने येत असतील तर फोर्ट वर्थ घ्या, मी नको म्हणणार नाही. बसने येत असतील तर मात्र आधी अर्धा दिवस स्टँडवर बसून या. माझ्या फायनल शीटवर स्टँडला लागून पाटी उतरवायचा कट्टा आणि वर छप्पर आहे, ते मला परळ वाचल्यावरच सुचलं.