नोवी पाझारहून राश्का खोऱ्याची एक दिवसाची सहल

नैर्ऋत्य सर्बियातील नोवी पाझार या गावातून गाडी, चालक आणि वाटाड्या यांसह मिळणारी एक दिवसाची सहल आम्ही दोघांनी घेतली. वाटाड्या उत्तम होता, गाडी वेळेवर आली. आमची तक्रार आहे ती केवळ वेळेच्या वाटणीबद्दल.

पहिला थांबा गावाच्या कडेला असलेल्या संत पीटर व पॉल यांच्या चर्चचा. जुन्या थडग्यांच्या मधोमध उभी असलेली ही ठेंगणी दगडी वास्तू सर्बियातील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे, आणि 1196 मध्ये मध्ययुगीन सर्बियाचा शासक स्टेफान नेमान्या याने याच ठिकाणी राज्यत्याग केला, हे ऐकल्यावर तिथून पाय निघत नाही. नेमान्यानेच बांधलेला जुर्जेवी स्तुपोवी मठ जवळच्या टेकडीवर आहे. तिथून दिसणारे खोरे सुंदर आहे, मात्र मूळ बांधकाम फारसे उरलेले नाही.

खरे मोल सोपोचानीचे. राजा स्टेफान उरोश पहिला याने तेराव्या शतकात हा मठ उभारला. 1689 नंतर तो ओस पडला आणि दोनशेहून अधिक वर्षे त्याची भित्तिचित्रे छपराविना ऊन, पाऊस, बर्फ झेलत राहिली. तरीही पश्चिम भिंतीवरील मेरीच्या महानिर्वाणाचे चित्र आजही मन भरून टाकते: अंथरुणावर निजलेली मेरी, भोवती शोकाकुल प्रेषित, आणि मधोमध उभ्या ख्रिस्ताच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा तिचा आत्मा. पार्श्वभूमीला एके काळी सोन्याचा मुलामा होता. तो गेला, पण त्याखालचा पिवळा रंग अजूनही उबदार वाटतो. डोळे आतल्या मंद उजेडाला सरावतात न सरावतात तोच आम्हाला निघण्याची सूचना मिळाली. जेमतेम चाळीस मिनिटे! या भिंतीसमोर निदान दोन तास हवेत, हे आयोजकांना सांगून आधीच कबूल करून घ्यावे.

जेवण नोवी पाझारमध्येच झाले. येथील चेवापी, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेले खिम्याचे छोटे रोल, गरम पावासोबत छान लागतात. त्याहूनही आम्हाला दह्याबरोबर खाल्लेल्या मांतिया, म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या पुरचुंड्या, अधिक आवडल्या. हे गाव मुख्यतः मुस्लिम बोश्नियाक लोकांचे आहे. सोळाव्या शतकातील आल्टुन-आलेम मशीद आणि सकाळी पाहिलेले चर्च एकाच दिवसात पाहता येतात, ही या सहलीची मोठी जमेची बाजू आहे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे मठांत आणि मशिदीत दोन्हीकडे उपयोगी पडतील.

दिवसाच्या शेवटी स्टुडेनिका मठही दाखवण्याची तयारी वाटाड्याने दर्शवली होती. आम्ही नकार दिला, आणि इतरांनीही तेच करावे. इबार नदीच्या खोऱ्यातून जाणारी ती वाट लांबची आहे, आणि पांढऱ्या संगमरवरी चर्चसाठी व त्यातील निळ्या पार्श्वभूमीवरच्या क्रूसारोहणासाठी दुसरा दिवस राखून ठेवायला हवा.