2600 डॉलर आणि सव्वातीन वर्षं: नॅशनल बोर्ड सर्टिफिकेशनचा माझा अनुभव

नॅशनल बोर्ड सर्टिफिकेशन म्हणजे अमेरिकेत शिक्षकाचं शिकवणं तपासून दिलं जाणारं प्रमाणपत्र. डिसेंबरात माझा निकाल लागला आणि मला ते मिळालं, आता ऑगस्ट आहे. पुढच्या आठवड्यात शाळा उघडतेय आणि इथल्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी-मॉरिसव्हिलकडच्या, दोन-तीन मराठी शिक्षिकांनी एव्हाना मला फोनवर तेच विचारलंय: "अगं, करू का मीपण? पैसे वसूल होतात का?" प्रत्येकीला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी नॉर्थ कॅरोलिनात मिडल स्कूलला गणित शिकवते. त्याआधी साताऱ्यात सहा वर्षं. हे सर्टिफिकेशन सक्तीचं नाही. नोकरीसाठी राज्याचा परवाना पुरतो. नॅशनल बोर्ड ही 1987 साली सुरू झालेली संस्था, आणि शिक्षकानं आपण होऊन तिच्याकडे जायचं असतं; प्रमाणपत्र मिळायला किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. आपल्याकडे 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षण असतं ना, त्याच्याशी माझी धाकटी बहीण याची तुलना करत होती. ती जिल्हा परिषद शाळेत आहे. मी तिला म्हटलं, तुझी वर्षं भरली की तुझा नंबर लागतो. इथे वर्षं भरून काहीच होत नाही, आपणच फी भरून स्वतःला तपासायला द्यायचं. यावर ती म्हणाली, "ताई, म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

आधी पैशांचं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. एकूण चार भाग आहेत. प्रत्येकाची फी 475 डॉलर, म्हणजे 1900. शिवाय दर वर्षी नोंदणीचे 75. मला तीन वर्षं लागली आणि एक भाग पुन्हा द्यावा लागला, म्हणून 2600. राज्य फीसाठी कर्ज देतं, मी घेतलं नाही. उलट्या बाजूला, नॉर्थ कॅरोलिनात हे मिळालं की राज्याच्या पगारात 12 टक्के वाढ मिळते. 2013 मध्ये इथे मास्टर्स पदवीची जादा रक्कम नव्या लोकांसाठी बंद झाली, त्यामुळे वर्गात राहून पगार वाढवायचा तर हाच एक ठळक रस्ता उरलाय. पहिल्या वर्षातच फी वसूल. पण वाढ वर्गात शिकवणाऱ्यालाच मिळते. व्हाइस प्रिन्सिपल व्हायचा विचार असेल तर ती जाते. आणि दुसऱ्या राज्यात असाल तर आधी तिथले नियम बघा, काही राज्यांत हाती फारसं काही लागत नाही.

पहिला भाग म्हणजे संगणकावरची परीक्षा: 45 पर्यायी प्रश्न आणि तीन लेखी उत्तरं, प्रत्येकाला अर्धा तास. आपल्या मुशीतून आलेल्याला हा भाग जड जात नाही. दुसरा आणि चौथा भाग कागदांचा. मुलांचं काम, चाचण्या, पालकांकडून कळलेलं, आणि त्यावर आपलं विवेचन. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चिकाटी लागते एवढंच.

खरी परीक्षा तिसऱ्या भागात. आपल्याच वर्गाचे दोन व्हिडिओ द्यायचे, प्रत्येकी 10 ते 15 मिनिटांचे, मधे काटछाट न करता. तोवर मला वाटायचं, माझा वर्ग उत्तम चालतो. मुलं गप्प बसतात, फळा नीट भरतो. पहिला व्हिडिओ मी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. प्रमाणाचा पाठ होता. 2 चमचे साखरेला 3 पेले पाणी, तर 4 चमच्यांना किती? एक मुलगा म्हणाला, "5." दोन वाढवले तर दोन वाढवायचे, असा त्याचा हिशोब. सातवीतली बरीच मुलं सुरुवातीला असाच विचार करतात. आणि व्हिडिओतली मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणते, "नाही, 6. दुप्पट करायचं." पाठ पुढे. त्या 15 मिनिटांत मी एकूण 31 प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या बऱ्याचशांची उत्तरं मीच दिली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवलंय. मला ते पाठ होतं. दुसऱ्यांबद्दल आहे असं वाटायचं.

तरी तोच व्हिडिओ पाठवला, कारण मे महिना, म्हणजे पाठवायची मुदत, आली होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात निकाल: पास व्हायला एकूण 110 गुण लागतात, मला 107. तो आठवडा घरात कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि शहाणपण केलं.

मग हा तिसरा भाग पुन्हा द्यायचं ठरवलं. पुन्हा चित्रण केलं तेव्हा सरबत तेच, वर्ग नवा. "5" म्हणणारी या वेळी एक मुलगी होती. मी फळ्याकडे पाठ करून टेबलाला टेकले आणि हाताची घडी घातली, तोंड उघडू नये म्हणून. साडेचार मिनिटं मुलं भांडली. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग 102 चमच्यांना 103 पेले का? ते सरबत नाही, पाक होईल." यापेक्षा चांगलं मी समजावलं नसतं.

एक खटकलेली गोष्ट. बोर्डाचे लोक शिकवणं तपासतात, पण बरंचसं लिहिण्यातून. काय केलं, का केलं, मुलांवर काय परिणाम झाला, पुढच्या वेळी काय बदलाल, सगळं इंग्रजीत, पानांच्या मर्यादेत. बी.एड.ला टाचणं काढून हात वळलेला असला तरी टाचणात "मी" नसतो, आणि इथे पानोपानी "मी असं केलं कारण" लागतं. आपण मराठी माणसं त्या जागी "असे करण्यात आले" लिहून मोकळे होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात कर्मणी प्रयोगच भरला होता, नवऱ्यानं लाल पेनानं सोळा जागा दाखवल्या. आमच्याच शाळेत माझ्याहून सरस शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या लिखाणाच्या धास्तीनं अर्जच करत नाहीत.

आठ महिन्यांनंतर काय टिकलंय? नावापुढची NBCT (नॅशनल बोर्ड सर्टिफाइड टीचर) ही अक्षरं पहिल्या महिन्यात जुनी झाली. पालकांना त्यांचा अर्थ माहीत नसतो, मुलांना तर नाहीच. पगारातला फरक दर महिन्याला दिसतो, तो चांगलाच वाटतो. थांबायची सवय मात्र सतत राखावी लागते. राज्याच्या परीक्षा जवळ आल्या तशी मी पुन्हा भराभरा उत्तरं देऊ लागले होते. आता महिन्यातून एकदा फोनवर आवाज रेकॉर्ड करते आणि घरी जाताना गाडीत ऐकते. पाच वर्षांनी नूतनीकरण आहेच.

दोन-तीन वर्षांचीच नोकरी असेल, किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर थांबा. चारही भाग एका वर्षात उरकायच्या भरीस पडू नका. आणि यंदा करणारच असाल, तर व्हिडिओसाठी पालकांच्या संमतीचे फॉर्म शाळेच्या पहिल्या आठवड्यात वाटा. मी ऑक्टोबरात मागितले. त्यातले चार मला थेट दप्तरांच्या तळाशी, पिचलेल्या केळ्यांना चिकटलेले मिळाले.