सिंगापूर ते नुआर्क, एका दमात: आईला घेऊन

धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला, मी सिंगापुरात आणि आई सध्या माझ्याकडे. आईचे गुडघे बघता मधल्या विमानतळावरची पायपीट नको, म्हणून सिंगापूर एअरलाइन्सचं थेट नुआर्कचं (न्यूयॉर्कशेजारच्या विमानतळाचं) विमान घेतलं. अंतर 15,344 किलोमीटर, वेळ साधारण साडेअठरा तास. जगातल्या सगळ्यात लांब प्रवासी उड्डाणांपैकी हे एक.

गंमत नकाशात आहे. रेखांश बघा: सिंगापूर 104 अंश पूर्वेला, न्यूयॉर्क 74 पश्चिमेला, बेरीज 178, अर्ध्या वर्तुळाच्या 180 ला दोनच कमी. म्हणजे पूर्व-पश्चिम बघता दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ पाठीला पाठ लावून बसलेली, आणि सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरून. आमचं विमान मात्र जपानच्या बाजूने पॅसिफिकवर गेलं, कारण तिकडे जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा पाठीशी मिळतो. जास्त किलोमीटर उडूनही वेळ वाचतो. अंतराला वेगाने भागून तास सांगणाऱ्या वेबसाइटींवर म्हणूनच फार विसंबू नका.

विमान ए350-900 यूएलआर, खास लांब पल्ल्याचं. 161 सीट, 67 बिझनेस, 94 प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच! एवढं इंधन घेऊन उडायचं तर माणसं कमी घ्यावी लागतात, आणि त्याचे पैसे अर्थात आपल्याच तिकिटात. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे पलंग नव्हे, पण पाय पसरता येतात. मागच्या तीन ओळींत खिडकीपाशी एकेकटी सीट असते. एकट्याने जाणाऱ्याने तीच धरावी. आम्ही दोघी दोन सीटच्या रांगेत. आईला मधल्या वाटेकडची दिली, दर दोन तासांनी उठवून चालवलं.

गुरुवारी रात्री साडेअकराच्या सुमारास निघालो. आईचा गुरुवार. जेवण आलं तेव्हा बारा वाजून गेले होते, तिने उपवास सोडला. (भारतीय शाकाहारी जेवण आधी नोंदवलं होतं. पनीर ठीक, भात छान.) पुढे वाररेषा ओलांडली आणि परत गुरुवार लागला. मी सांगितल्यावर आई म्हणाली, "सुटलेला उपवास परत लागत नाही गं," आणि बिस्किटाचा पुडा उघडला. मधेच एक दिवस येऊन गेला, खिडक्या बंद असल्याने फारसा कळलाही नाही. शुक्रवारी पहाटे सहाला नुआर्क. उन्हाळ्यात दोन शहरांत फरक नेमका 12 तासांचा, त्यामुळे आईने हातातल्या घड्याळाला हातच लावला नाही.

याच कंपनीचं फ्रँकफुर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणारं विमान चार-पाच तास जास्त घेतं, पण त्यात साधी इकॉनॉमी मिळते. एकटी असते तर मी त्यानेच गेले असते. आई बरोबर असताना नाही.